मांजराची जखम : घरातील शुश्रूषा आणि तिची मर्यादा

मांजराच्या अंगावरील जो घाव उघडा, रक्ताळलेला आणि पाहताक्षणी अंगावर काटा आणणारा असतो तो बहुधा तितका धोक्याचा नसतो. उलट जो दिसतच नाही, केसांखाली तांदळाच्या कणीएवढ्या खपलीने बंद झालेला असतो, तोच तीन-चार दिवसांनी त्या प्राण्याचे अन्नपाणी तोडतो. याचे कारण मांजराच्या त्वचेच्या रचनेत आहे. ही त्वचा पातळ, लवचिक आणि खालच्या स्नायूंवर अतिशय सैल बसलेली असते, त्यामुळे दुसऱ्या मांजराचा सुळा तीत शिरून बाहेर आला की छिद्राच्या कडा चटकन जुळतात आणि दिवसभरातच वरचे तोंड मिटते. सुळ्याबरोबर आत गेलेले जिवाणू मात्र आतच राहतात. मांजराच्या तोंडात सर्रास आढळणारा पाश्चरेला मल्टोसिडा हा जिवाणू आणि प्राणवायूशिवाय वाढणारे इतर जिवाणू यांना त्वचेखालची ती उबदार, बंद पोकळी हवी तशी मिळते आणि दोन ते पाच दिवसांत तेथे पू साठून गळू होते. त्यामुळे घरच्या शुश्रूषेत औषधाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व नीट पाहण्याला आहे.

रात्रभर बाहेर राहून आलेल्या, विशेषतः खच्चीकरण न झालेल्या बोक्याचे अंग सकाळी हाताने चाचपून पाहावे, आणि ते केसांच्या उलट दिशेने, खिडकीच्या उजेडात पाहावे. मारामारीतल्या चाव्यांच्या जागा बऱ्याच अंशी ठरलेल्या असतात : समोरासमोर झुंजलेल्या मांजराला ते चेहऱ्यावर, मानेवर आणि पुढच्या पायांवर सापडतात, तर माघार घेतलेल्याला शेपटीच्या मुळाशी आणि मागच्या मांड्यांवर, म्हणजे बोक्याने रात्री काय पराक्रम केला याचा दाखला त्याच्या अंगावरच मिळतो. एखाद्या ठिकाणी केसांचा चिकटलेला पुंजका लागणे, त्वचा आसपासच्या भागापेक्षा गरम जाणवणे, किंवा बोट तेथे पोहोचताच मांजराने मान वळवून पाहणे, या तिन्ही खुणा छिद्राकडे बोट दाखवतात. एक छिद्र सापडले तर दुसरेही शोधावे, कारण सुळे जोडीने लागतात.

मांजर दुखणे लपवते, हे विधान वारंवार केले जाते आणि ते खरेही आहे; परंतु लपवते म्हणजे काहीच दाखवत नाही असे नव्हे. पलंगाखाली किंवा कपाटामागे जाऊन बसणे, नेहमीच्या उंचीवर उडी न मारणे, अंग चाटून साफ करणे सोडून देणे किंवा एकच जागा सतत चाटणे, हे बदल रोज सहवासात असणाऱ्याला कळू शकतात. माँट्रियल विद्यापीठातील पशुवैद्यांनी २०१९ साली मांजराच्या वेदनेचे मापन चेहऱ्यावरून करण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली, तीत कानांची ठेवण, डोळ्यांचे आक्रसणे, नाकपुडी-तोंडाच्या भागाचा ताण, मिशांची दिशा आणि खांद्यांच्या तुलनेत डोक्याची उंची या पाच गोष्टी पाहिल्या जातात. बाजूला वळून चपटे झालेले कान, अर्धवट मिटलेले डोळे, ताठ मिशा आणि खाली झुकलेले डोके असे चित्र एकत्र दिसले तर ते मांजर केवळ पेंगत नाही, त्याला वेदना आहे. घुरघुर ऐकू येते म्हणून ते सुखात आहे असा निष्कर्ष काढू नये, कारण आजारी आणि वेदनेतील मांजरेही घुरघुरतात. निरोगी मांजराचे तापमान साधारण ३८.१ ते ३९.२ अंश सेल्सियस, म्हणजे १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते; माणसाच्या अंगाची सवय असलेल्या हाताला ते नेहमीच गरम लागते, म्हणून ताप हाताने ठरवता येत नाही.

घरी उपचार करण्याजोगी जखम कोणती आणि न करण्याजोगी कोणती, हा निर्णय हात लावण्यापूर्वीच व्हावा. वरवरचा ओरखडा, खरचटलेली त्वचा, पशुवैद्याने साफ करून घरी पाठवलेले गळू आणि टाके घातलेली जागा, एवढ्यांचीच शुश्रूषा खऱ्या अर्थाने घरची म्हणता येते. ज्या जखमेच्या कडा विलग होऊन आतला थर दिसतो, जी छातीवर, पोटावर, डोळ्याजवळ किंवा सांध्यावर आहे, जिच्यातून पाच-दहा मिनिटे दाबून धरूनही रक्त थांबत नाही, जी कुत्र्याच्या चाव्याची, भाजल्याची किंवा पतंगाच्या मांज्याने कापल्याची आहे, अशी कोणतीही जखम त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवावी. कुत्र्याच्या चाव्यात वरची त्वचा जेमतेम फाटलेली असते आणि खालचे स्नायू, क्वचित बरगड्याही, चिरडलेल्या असतात. उंच इमारतीच्या गॅलरीतून पडलेल्या मांजराच्या हनुवटीवर फक्त खरचटलेले दिसते, पण फुप्फुसाभोवती हवा किंवा रक्त साठलेले असू शकते. अशा वेळी हनुवटीला मलम लावत बसणे म्हणजे मूळ दुखण्याला वेळ देणे होय. हिरड्या फिकट पडणे, श्वास धापा टाकल्यासारखा होणे किंवा चोवीस तास काहीही न खाणे, यांपैकी एकही गोष्ट असेल तर जखमेचा आकार गौण ठरतो. न खाण्याला मांजराच्या बाबतीत विशेष अर्थ आहे : दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या, विशेषतः स्थूल मांजराच्या यकृतात चरबी साठून ते निकामी होऊ लागते, आणि मग मूळ जखम बाजूला राहून नवाच जीवघेणा आजार उभा राहतो.

उपचारापूर्वी मांजराला धरणे हा स्वतंत्र विषय आहे आणि बहुतेक घरांत शुश्रूषा फसते ती येथेच. मांजर शांत असताना, परिचित खोलीत, दारे-खिडक्या लावून आणि लागणारे सर्व साहित्य आधी हाताशी मांडून मगच त्याला उचलावे. जाड पंचा किंवा टॉवेल पसरून त्यावर मांजराला बसवावे आणि दोन्ही बाजूंनी तो गुंडाळून फक्त जखमेचा भाग बाहेर ठेवावा. एकाने धरावे आणि दुसऱ्याने काम करावे. मोठ्या मांजराला मानेच्या कातड्याला धरून उचलण्याची जुनी रीत पशुवैद्य आता सुचवत नाहीत, कारण तिने त्याची भीती आणि प्रतिकार दोन्ही वाढतात. काम पाच मिनिटांत उरकत नसेल, शेपूट आपटू लागली असेल आणि कान मागे गेले असतील, तर तेथेच थांबून तासाभराने पुन्हा प्रयत्न करणे शहाणपणाचे ठरते. या झटापटीत माणसाला चावा बसला तर तो किरकोळ समजू नये. मांजराचा सुळा बोटाच्या सांध्यापर्यंत किंवा स्नायुबंधाच्या आवरणापर्यंत सहज पोहोचतो आणि बारा ते चोवीस तासांत हात सुजू शकतो. शिवाय भारतात रेबीजचा, म्हणजे पिसाळण्याच्या रोगाचा, धोका मांजराच्या चाव्यालाही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्वचा भेदणारा चावा किंवा ओरखडा तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर वर्गात मोडतो. चाव्याची जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ सुती कापडाची घडी जखमेवर ठेवून ती सलग पाच मिनिटे दाबून धरावी आणि दर अर्ध्या मिनिटाला उचलून पाहण्याचा मोह टाळावा, कारण प्रत्येक वेळी नुकतीच बसू लागलेली रक्ताची गुठळी उखडते. कापूस वापरू नये. त्याचे तंतू जखमेत अडकतात आणि पुढे तेच सूज टिकवून धरतात. कॉफीची पूड, चुना, राख किंवा तंबाखू दाबून रक्त थांबवण्याची जी सवय माणसांच्या बाबतीत दिसते ती मांजराच्या वाट्याला येऊ देऊ नये. तंबाखूतील निकोटिन तर चाटण्यावाटे पोटात गेल्यास थेट विषच आहे.

यानंतर केस. जखमेभोवतीचे केस कापल्याशिवाय ती धुता येत नाही आणि कात्रीने ते कापताना नवी जखम होण्याची शक्यता मोठी असते, कारण केस वर ओढले की सैल त्वचाही तंबूसारखी वर येते आणि पात्यांच्या मध्ये सापडते. केस ओढू नयेत. त्यांच्या मुळाशी बारीक दातांची फणी त्वचेला समांतर सरकवावी आणि फणीच्या वरच्या बाजूचेच केस कापावेत. बॅटरीवर चालणारा, कमी आवाजाचा ट्रिमर मिळाला तर तो कात्रीपेक्षा केव्हाही बरा. कापलेले केस जखमेत पडू नयेत म्हणून औषधांच्या दुकानात मिळणारी पाण्यात विरघळणारी वंगण जेली जखमेवर आधी पसरतात आणि केस तिला चिकटले की सगळे मिळून धुऊन टाकतात.

धुण्यासाठी सर्वांत निर्धोक द्रव म्हणजे सलाइन, अर्थात शरीरातील द्रवांशी मिळतेजुळते ०.९ टक्के मीठ असलेले पाणी, जे औषधांच्या दुकानात अर्ध्या लिटरच्या बाटलीत मिळते. घरी ते करायचे झाल्यास अर्धा लिटर पाणी उकळून त्यात साडेचार ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट पाऊण चमचा मीठ विरघळवावे, कोमट होऊ द्यावे आणि उरलेले दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये. ऐन वेळी हेही हाताशी नसेल तर पिण्याचे स्वच्छ पाणी चालते. महत्त्व पाण्यात काय घातले यापेक्षा किती पाणी वाहिले याला आहे : वीस मिलिलिटरच्या सिरिंजमधून, सुई काढून, सुपारीएवढ्या उघड्या जखमेवर निदान शंभर-दोनशे मिलिलिटर पाणी एका बाजूने सोडून दुसऱ्या बाजूने वाहू द्यावे. सिरिंजचे टोक चाव्याच्या बारीक छिद्रात खुपसून पाणी आत मारू नये, कारण बाहेर पडायला वाट नसल्याने ते त्वचेखालच्या सैल थरात पसरते आणि घाण सोबत घेऊन जाते.

जंतुनाशक वापरायचेच असेल तर दोनच सांगता येतात आणि दोन्ही पातळ करूनच. दहा टक्के पोव्हिडोन-आयोडिनचे द्रावण, जे गडद तपकिरी रंगाचे असते, एक मिलिलिटर घेऊन पन्नास मिलिलिटर सलाइनमध्ये मिसळावे. रंग दूध न घातलेल्या फिकट चहासारखा आला म्हणजे प्रमाण योग्य आहे असे समजावे. बाटलीवर पाच टक्के लिहिलेले असेल तर दोन मिलिलिटर घ्यावे. दुसरे क्लोरहेक्झिडिन, ज्याचे दोन टक्क्यांचे द्रावण चाळीसपट पातळ करून ०.०५ टक्क्यांवर आणावे लागते आणि जे डोळ्यांजवळ वा कानात जाऊ देऊ नये. दाट द्रावण जास्त गुणकारी, ही समजूत येथे उलटी ठरते, कारण दाट जंतुनाशक जिवाणूंबरोबर जखम भरून काढणाऱ्या कोवळ्या पेशीही मारते. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस पाहून जखम स्वच्छ होत असल्याचे समाधान मिळते, परंतु तो फेस ऊतींचाही नाश करतो; स्पिरिटची गोष्टही वेगळी नाही.

प्रत्येक घरात जे हमखास असते आणि जे मांजराला हमखास बाधते, त्याचा विचार जरा विस्ताराने करणे आवश्यक आहे. माणसाचे आणि कुत्र्याचे यकृत अनेक औषधे व रसायने ग्लुक्युरोनिक आम्लाशी जोडून पाण्यात विरघळणारी करते आणि लघवीवाटे बाहेर टाकते. या क्रियेला ग्लुक्युरोनिडेशन म्हणतात. मांजराच्या कुळात या क्रियेसाठी लागणाऱ्या विकरांपैकी यूजीटी १ए६ नावाच्या एका महत्त्वाच्या विकराचे जनुक निकामी झालेले आहे. वनस्पतींमधील विषारी द्रव्यांशी संबंध न येणाऱ्या, केवळ मांसावर जगणाऱ्या प्राण्याला त्याची गरज उरली नाही, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. परिणाम असा की फिनॉल वर्गातील पदार्थ मांजराच्या शरीरातून बाहेर पडत नाहीत, साठत जातात. पाण्यात टाकताच दुधाळ होणारे डेटॉल, फरशीचे काळे फिनाइल, कार्बोलिक साबण आणि टी-ट्री तेल ही सर्व या ना त्या कारणाने मांजराला घातक आहेत, मग ती जखमेवर लावलेली असोत की ओल्या फरशीवरून चालून पंजा चाटल्याने पोटात गेलेली असोत. पंजाला जखम असलेल्या मांजराच्या घरात त्या काळात फरशी नुसत्या पाण्याने पुसलेली बरी. सॅव्हलॉनसारख्या द्रवांतील सेट्रिमाइड चाटले गेल्यास जीभ आणि तोंड सोलवटते. कापूरयुक्त बाम आणि डांबरगोळ्यांची पूड यांचे नावही काढू नये.

याच यादीत, आणि खरे तर तिच्या अग्रभागी, पॅरासिटामॉल येते. तापासाठी घरोघरी ठेवलेली पाचशे मिलिग्रॅमची एकच गोळी चार किलोच्या मांजराचा प्राण घेण्यास पुरेशी आहे : तिच्यामुळे रक्तातील प्राणवायू वाहणारे हिमोग्लोबिन निरुपयोगी रूपात बदलते, हिरड्या गुलाबीच्या तपकिरी होतात, चेहरा आणि पंजे सुजतात. लहान मुलांसाठीचे गोड औषध थेंबभर दिले तर काय बिघडते, असा युक्तिवाद येथे चालत नाही, कारण औषध तेच आहे. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक मूत्रपिंडावर आघात करतात. जागा बधिर करणाऱ्या माणसांच्या मलमांतील बेन्झोकेनही मांजराच्या हिमोग्लोबिनला बाधते. मांजरासाठी वेदनाशामके आहेत, परंतु त्यांची मात्रा वजन, वय आणि मूत्रपिंडाची स्थिती पाहून पशुवैद्यानेच ठरवावी लागते.

हळदीचा प्रश्न मराठी घरात टाळता येत नाही. हळद-तेल किंवा हळद-तूप लावणे हा जखमेवरचा पहिला उपाय म्हणून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे आणि हळदीतील कुर्क्युमिनच्या दाहशामक गुणांचा प्रयोगशाळांत अभ्यासही झालेला आहे. परंतु डब्यातली हळदपूड म्हणजे शुद्ध कुर्क्युमिन नव्हे आणि ती निर्जंतुकही नसते. जखमेत तिचे कण परक्या वस्तूसारखे अडकून बसतात, पिवळ्या लेपाखाली लाली वाढते आहे की उतरते आहे हे दिसेनासे होते, आणि तेलामुळे चिकटलेले केस चाटण्याचा हट्ट मांजर दुप्पट करते. हळद विष नाही, पण ती डोळ्यांवर पडदा टाकते, आणि या जखमेत डोळेच सर्वांत उपयोगी साधन आहेत. हाच आक्षेप प्रतिजैविक पावडरींनाही लागू पडतो, ज्यांचा थर ओलाव्याने घट्ट होऊन खाली पू कोंडतो. खाज-गजकर्णावरची जी संमिश्र मलमे दुकानांत सहज मिळतात त्यांत बहुधा स्टिरॉइड असते आणि स्टिरॉइड जखम भरण्याची गती मंदावते. झिंक ऑक्साइड असलेली मलमे व कॅलामाइन चाटल्यास उलट्या आणि पुढे रक्तक्षय होऊ शकतो. साध्या स्वच्छ ओरखड्याला खरे तर कोणत्याच मलमाची आवश्यकता नसते.

मांजराची लाळ जखम बरी करते ही समजूत अर्धीच खरी आहे. लाळेत काही जिवाणूरोधक द्रव्ये असतात हे मान्य केले तरी मांजराच्या जिभेवर घशाच्या दिशेने वळलेले, नखांच्याच द्रव्याचे बनलेले शेकडो काटे असतात, ज्यांनी ते हाडावरचे मांस खरवडू शकते. तीच जीभ दिवसातून वीसदा जखमेवर फिरली तर रात्री धरलेली कोवळी कातडी सकाळपर्यंत उरत नाही. म्हणून गळ्याभोवती शंकूच्या आकाराची कॉलर घालणे हा उपचाराचा वैकल्पिक भाग नसून मुख्य भाग आहे. सोळाव्या शतकातील इंग्लंडच्या राणी एलिझाबेथच्या काळातल्या झालरदार गळपट्ट्यांवरून तिला एलिझाबेथन कॉलर म्हणतात. तिची कड नाकाच्या टोकापेक्षा दोन-तीन सेंटीमीटर पुढे यावी आणि गळ्याशी दोन बोटे सरकतील एवढीच सैल असावी. पहिल्या दिवशी मांजर उलटे चालते, भिंतींना धडकते, खाण्याच्या ताटलीपर्यंत तोंड नेऊ शकत नाही, आणि घरातील कोणाला तरी दया येऊन ती काढली जाते. येथेच टाके तुटतात. कॉलर काढण्याऐवजी ताटली उथळ घ्यावी आणि ती एखाद्या उपड्या वाटीवर ठेवून उंच करावी. जखम धडावर असेल तर जुन्या बनियनची बाही कापून, पायांसाठी छिद्रे करून घातलेला अंगरखा हा सौम्य पर्याय आहे, मात्र तो ओला होताच बदलावा लागतो.

गळू झालेच तर ते प्रथम कठीण, दुखरी सूज म्हणून दिसते, मग मधोमध मऊ होते, वरची त्वचा पातळ आणि जांभळट पडते आणि एखाद्या पहाटे ते आपोआप फुटून दुर्गंधीयुक्त, पिवळट-तपकिरी पू अंथरुणावर पसरतो. फुटण्यापूर्वी ते दाबून पिळू नये, कारण पू आतल्या बाजूलाही फुटू शकतो. पशुवैद्य ते भूल देऊन खालच्या टोकाशी उघडतो, धुतो आणि प्रतिजैविक सुरू करतो. गळू आपोआप फुटले असेल तरीही दवाखान्याची फेरी टळत नाही, परंतु तोपर्यंत आणि त्यानंतर घरी करण्याजोगे काम बरेच असते : हाताला सोसवेल अशा कोमट मिठाच्या पाण्यात भिजवलेले कापड दिवसातून तीन-चार वेळा पाच-दहा मिनिटे जागेवर धरावे, वर बसलेली खपली मऊ करून हलकेच पुसून काढावी आणि निचरा चालू ठेवावा. इतर जखमांत खपली जपायची असते, येथे ती काढायची असते, हा फरक ध्यानात न घेतल्याने अनेक गळवे आठवड्याभरात पुन्हा भरतात. छिद्र आतून बाहेर भरत यावे, वरून मिटू नये. प्रतिजैविकाचा दिलेला कालावधी पूर्ण करावा. आणि गोळी, विशेषतः डॉक्सिसायक्लिनची, कोरड्या घशात देऊ नये, कारण मांजराच्या अन्ननलिकेत अडकून ती तेथे व्रण पाडते आणि नलिका अरुंद होते. गोळीपाठोपाठ सिरिंजने पाच-सहा मिलिलिटर पाणी किंवा चमचाभर ओला खाऊ देणे हा त्यावरचा सोपा उपाय आहे.

जखम भरण्याचा वेग पाहताना कुत्र्याशी तुलना करू नये. अमेरिकेतील ऑबर्न विद्यापीठातील संशोधकांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या तुलनेत सातव्या दिवशी मांजराच्या टाके घातलेल्या जखमेची बळकटी कुत्र्याच्या जखमेच्या जेमतेम निम्मी आढळली आणि उघड्या जखमेत नवे मांस भरण्याची सुरुवातही उशिरा झाली. दहाव्या दिवशी वरून सुरेख दिसणारी जागा एका उडीत उसवू शकते ती यामुळेच. पहिल्या तीन-चार दिवसांत कडा किंचित सुजलेल्या आणि लाल असणे स्वाभाविक असते. त्यानंतर तळाशी डाळिंबाच्या दाण्यांसारखे, ओलसर, लालसर खडबडीत मांस दिसू लागते, ज्याला वैद्यकात ग्रॅन्युलेशन ऊती म्हणतात, आणि ते पाहून घाबरण्याऐवजी समाधान मानावे. मग कडांकडून गुलाबी पातळ कातडी आत सरकते आणि सगळी जागा आक्रसत जाते. याउलट पाचव्या दिवसानंतर लाली पसरत जाणे, वास येणे, हिरवट स्राव किंवा काळी पडलेली कड ही बिघाडाची चिन्हे आहेत. रोज एकाच वेळी, एकाच अंतरावरून, शेजारी नाणे ठेवून मोबाइलवर छायाचित्र घेतल्यास फरक आठवणीवर विसंबून ठरवावा लागत नाही आणि पशुवैद्यालाही ते उपयोगी पडते.

जखम उघडी ठेवून वाळू द्यावी की झाकून ओलसर ठेवावी, या वादावर जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली डुकरांवर केलेल्या प्रयोगाने प्रकाश पडला, ज्यात झाकलेल्या ओलसर जखमांवर नवी कातडी उघड्या जखमांच्या सुमारे दुप्पट वेगाने आली. तत्त्व म्हणून हे मांजरालाही लागू आहे, परंतु म्हणून घरी पट्टी बांधावी असा त्याचा अर्थ नाही. मांजराच्या पायावर घट्ट बसलेली पट्टी काही तासांत रक्तपुरवठा थांबवू शकते, आणि पट्टी सरकू नये म्हणून वर लावलेला रबर बँड केसांत दिसेनासा होऊन कातडी कापत जातो. पशुवैद्याने पट्टी बांधून दिली असेल तर मधल्या दोन बोटांची नखे एकमेकांपासून दूर जात आहेत का, बोटे थंड आहेत का, पट्टी ओली झाली आहे का, हे दिवसातून दोनदा पाहावे. यांपैकी काही आढळल्यास दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता ती सोडवून घ्यावी.

पावसाळ्यात माशांचा धोका वेगळा असतो. उघड्या जखमेच्या कडेला, किंवा ओल्या राहिलेल्या पट्टीवर, माशी अंडी घालते आणि दिवसभरात अळ्या बाहेर पडतात. भारतात आढळणाऱ्या क्रायसोमिया बेझियाना या माशीच्या अळ्या मृत नव्हे तर जिवंत मांस खात आत शिरतात. जखमेतून अचानक उग्र वास येऊ लागणे आणि छिद्रात काहीतरी हलल्याचा भास होणे ही त्याची खूण. गुरांच्या जखमेत टर्पेंटाइन किंवा अळीनाशक फवारा मारण्याची खेड्यांतील पद्धत मांजरावर करू नये : टर्पेंटाइन कातडीवाटे शोषले जाते आणि कुत्र्या-गुरांच्या अनेक फवाऱ्यांत असणारे परमेथ्रिन मांजराला झटके आणून मारते. दिसणाऱ्या अळ्या बोथट चिमट्याने काढून, सलाइनने धुऊन, त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. जखम बरी होईपर्यंत मांजराला जाळीच्या खिडक्या असलेल्या खोलीत ठेवावे आणि शी-शूच्या खोक्यात वाळूऐवजी फाडलेले वर्तमानपत्र घालावे, म्हणजे कण चिकटत नाहीत.

दोन-तीन आठवडे नीट काळजी घेऊनही जी जखम भरत नाही ती मुळात साधी जखम नसते. मधुमेह, अडकून राहिलेला काटा किंवा दाताचा तुकडा, बुरशीचा संसर्ग, आणि चाव्यातूनच पसरणारा मांजरांचा प्रतिकारशक्ती घटवणारा विषाणू, ज्याला एफआयव्ही म्हणतात आणि जो १९८६ साली कॅलिफोर्नियात प्रथम ओळखला गेला, अशी तिची कारणे असू शकतात. या विषाणूची बाधा मांजरांपुरतीच असते, माणसाला होत नाही. चाव्यानंतर लगेच केलेली चाचणी मात्र फसवी ठरते, ती सुमारे दोन महिन्यांनी करावी लागते. स्पोरोथ्रिक्स ही बुरशी याउलट मांजराच्या व्रणातून माणसाला लागते, म्हणून न भरणाऱ्या जखमेला उघड्या हाताने स्पर्श करू नये. पांढऱ्या मांजराच्या कानाच्या टोकावर किंवा नाकावर वारंवार येणारी खपली हा ओरखडा नसून उन्हाने होणारा त्वचेचा कर्करोग असू शकतो. गच्चीवर दुपारभर पहुडणाऱ्या पांढऱ्या मांजरांच्या बाबतीत ही शंका लवकर घेतलेली बरी, कारण लवकर ओळखल्यास कानाचे टोक काढून तो थांबवता येतो.

चावणारा प्राणी अनोळखी होता, कुत्रा किंवा मुंगूस होते, किंवा काय चावले हे माहीतच नाही, अशा प्रत्येक वेळी पशुवैद्याला तसे स्पष्ट सांगावे, कारण रेबीजची लस आधी दिलेली असली तरी पुन्हा द्यावी लागते. अशी जखम हातमोजे घालून, साबणाच्या पाण्याने भरपूर धुवावी, आणि साबण पूर्ण निघेपर्यंत पाणी ओतावे. बोक्याचे खच्चीकरण केल्यास मारामाऱ्या आणि पर्यायाने ही सर्व यातायात बरीच घटते.

घरात दुसरे मांजर असेल तर दवाखान्यातून परतलेल्या मांजराला पाहून ते फिस्कारते आणि अंगावर धावून जाते, याचे पाळणाऱ्यांना आश्चर्य वाटते. मांजरे एकमेकांना मुख्यतः वासाने ओळखतात आणि परतलेल्याच्या अंगाला औषधांचा, भूल दिल्याचा, परक्या हातांचा वास असतो. त्याला एक-दोन दिवस वेगळ्या खोलीत ठेवावे, घरातल्या मांजराच्या अंथरुणाचे फडके त्याच्या पाठीवरून, टाक्यांना न लावता, फिरवावे आणि पहिली भेट जेवणाच्या वेळी, दाराच्या फटीतून घडवावी.